ब्रश धुवायच्या महागड्या साबणाची डबी : सिंथेटिकवाल्यांनी घ्यावी का?

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, अ‍ॅक्रेलिक किंवा ऑइल करत असाल तर घ्या, छोटी डबी घ्या. फक्त वॉटरकलर करत असाल आणि ब्रश सगळे सिंथेटिक असतील तर राहू द्या, त्या पैशात एक चांगला राउंड, म्हणजे गोल टोकदार ब्रश, येईल. बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण साबण चांगला की वाईट एवढ्यावर हे संपत नाही, सिंथेटिक ब्रश नेमका मरतो कशाने हे कळल्याशिवाय कुठलाही साबण घेण्यात अर्थ नाहीये.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच ड्रॉइंगचे क्लास घेते. शनिवार-रविवार सकाळी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची पोरं, संध्याकाळी मोठी मंडळी, त्यात एक बँकेतून रिटायर झालेले काका, अंबड एमआयडीसीत कामाला असलेला एक जण, दोघी-तिघी वर्क फ्रॉम होमवाल्या. पोरांचं पोस्टर कलर, मोठ्यांचं सगळं अ‍ॅक्रेलिक, आणि माझं स्वतःचं वॉटरकलर, क्वचित ऑइल. त्यामुळे आमच्या घरच्या बेसिनवर भांड्यांपेक्षा ब्रश जास्त धुतले जातात असं सासूबाई म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही. ब्रश जवळपास सगळे सिंथेटिक. पोरांकडे कॅमलचे सिंथेटिक गोल्ड, मोठ्यांकडे ऑनलाइन मिळतात ते दहा-बारा ब्रशचे सेट.

तर साबण म्हणजे 'द मास्टर्स ब्रश क्लीनर अँड प्रिझर्व्हर'. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या जनरल पेन्सिल कंपनीचा, ही कंपनी १८८९ पासून पेन्सिली बनवतेय. गोल बुटकी प्लॅस्टिकची डबी, आत घट्ट बसवलेली साबणाची वडी. एक औंसाची म्हणजे साधारण २८ ग्रॅमची छोटी, अडीच औंसाची म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपासची मधली, आणि २४ औंसाचा मोठा डबा जो स्टुडिओवाले नाहीतर कॉलेजवाले घेतात. वॉटरकलर, अ‍ॅक्रेलिक, ऑइल सगळ्याला चालतो असं कंपनी सांगते. किंमत सांगत नाही कारण ऑनलाइन ती सारखी वरखाली होते, पण मधल्या डबीच्या पैशात पोरांसाठीच्या ब्रशचा अख्खा सेट येतो एवढं धरून चाला. म्हणूनच तर प्रश्न पडतो ना, साबणावर एवढे पैसे घालायचे का नवीन ब्रशच घ्यायचे.

वापरायची पद्धत सोपी आहे. ब्रश आधी साध्या पाण्यात हलवून सुटा रंग काढून टाकायचा, मग ओला ब्रश वडीवर गोल गोल फिरवायचा, फेस आला की तळहातावर घ्यायचा आणि तिथे पुन्हा फिरवायचा. इथपर्यंत सगळेच करतात. खरी गंमत पुढे आहे. फेस पांढरा यायला लागला की माणसाला वाटतं झालं, ब्रश स्वच्छ. तेव्हा तो ब्रश धरायचा आणि पत्र्याची नळी जिथे संपते आणि केस जिथे सुरू होतात, बरोब्बर त्या जागी अंगठा आणि बोटाच्या पेरात चिमटीत दाबायचा, हलकेच, आणि केसांच्या दिशेने पुढे ओढायचा. माझ्या आठ नंबरच्या फ्लॅट म्हणजे चपट्या ब्रशमधून, जो मी दोनदा धुऊन स्वच्छ म्हणून बाजूला ठेवला होता, असं दाबल्यावर निळ्या रंगाची बारीक रेघ बाहेर आली, नखाच्या कडेने ओघळली आणि फेसात मिसळून सगळा फेस आकाशी. परत साबण, परत दाबणं, परत निळं, प्रत्येक वेळी थोडं फिकट. ही रेघ यायची बंद होते तेव्हा ब्रश धुतला गेला असं समजायचं, त्याआधी नाही.

या बाबतीत डबीला पूर्ण मार्क. फेस दाट आणि चिकट आहे, पाण्यासारखा पळून जात नाही, नळीच्या तोंडाशी थांबतो आणि आत शिरतो. लिक्विड साबणाचं काय होतं, ते बेसिनमध्ये पटकन वाहून जातं, तळहातावर टिकतच नाही. शिवाय वडी डबीत बसवलेली असल्यामुळे ब्रश फिरवायला बूड मिळतं, हातातून निसटत नाही, आणि स्केचिंगला जाताना झाकण लावलं की बॅगेत टाकता येते. वास सौम्य आहे, हात कोरडे पडत नाहीत, माझ्या हाताला जरा काही झालं की पुरळ येतं त्यामुळे हे मुद्दाम सांगतेय.

आता दुसरी बाजू, म्हणजे डबीवरचा 'प्रिझर्व्हर' हा शब्द. प्राण्यांच्या केसांचा ब्रश असेल, कोलिन्स्की सेबल म्हणा, खारीच्या केसाचा म्हणा, तर केस कोरडे पडतात, तुटतात, त्यांना थोडा ओशटपणा लागतो, आपल्या केसांना लागतो तसाच, आणि असा साबण तिथे खरोखर उपयोगी. पण सिंथेटिक म्हणजे नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरचा धागा. १९३८ मध्ये ड्यूपॉन्टने नायलॉन बाजारात आणलं तेव्हा त्याचा पहिला माल म्हणजे टूथब्रशचे केस होते, आणि आपले ब्रश त्याच खानदानातले. आता चांगल्या सिंथेटिकमध्ये जो धागा येतो त्याला टॅकलॉन म्हणतात, तो पॉलिएस्टर, टोकाशी निमुळता केलेला. या धाग्याला ना खवले, ना तेल, ना कोरडेपणा. त्याला कंडिशनर लावा नाहीतर नका लावू, त्याचं काही जात नाही नि काही येत नाही. त्यामुळे 'केसांचं पोषण होतं' वगैरे जे व्हिडिओत सांगतात ते सिंथेटिकवाल्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावं. खोबरेल तेल लावून ठेवणारे पण आहेत आमच्याकडे, त्यांना मी हात जोडते. एक तर उपयोग नाही, दुसरं म्हणजे डिसेंबरात नाशिकच्या थंडीत ते तेल गोठून ब्रशमध्ये पांढऱ्या गोळ्या होतात, आणि मग वॉटरकलरच्या कागदावर तेलाचे डाग पडतात ते कशानेच जात नाहीत.

हो, आणि सिंथेटिकच का असा प्रश्न अजूनही काही जुने लोक विचारतात म्हणून थोडं विषयांतर. आपल्याकडे वर्षानुवर्षं मुंगसाच्या केसांचे ब्रश खुलेआम विकले जायचे, टोक सुंदर यायचं हे खरं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते बेकायदेशीर आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे घातले ते याच ब्रशसाठी. कुणी 'ताई, ओरिजिनल मुंगूस आहे, खास तुमच्यासाठी काढून ठेवलाय' म्हणालं तर घेऊ नका. मी क्लासमध्ये तसा ब्रश दिसला तर सरळ विचारते कुठून आणला. सिंथेटिक आता इतके चांगले यायला लागलेत की त्या मोहात पडायची गरजच नाही, फक्त ते नीट सांभाळायला पाहिजेत.

सिंथेटिकचे शत्रू माझ्या मते तीनच, नळीत वाळलेला रंग, गरम पाणी आणि पाण्याच्या पेल्यात उभा करून ठेवणं. साबण यातल्या पहिल्यावरच चालतो.

नळीत वाळलेल्या रंगाचं गणित असं. अ‍ॅक्रेलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे बारीक कण, त्यात रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात आणि फिल्म तयार होते, आणि ती एकदा झाली की परत पाण्यात विरघळत नाही. वॉटरकलरचं तसं नाही, त्यात डिंक असतो, वाळलेला रंग पाणी लावलं की परत सुटतो, म्हणून वॉटरकलरचा ब्रश साध्या पाण्याने पण बऱ्यापैकी धुतला जातो. अ‍ॅक्रेलिकमध्ये ब्रश बुडवताना रंग केसांमधून वर चढतो आणि नळीच्या आत जाऊन बसतो, तिथे हळूहळू प्लॅस्टिकचा गोळा होतो, तो केसांना आतून फाकवतो, आणि मग तुमचा टोकदार राउंड झाडूसारखा पसरतो. लोक म्हणतात ब्रश खराब निघाला. ब्रश चांगला होता हो, तो आतून भरलाय.

आणि नाशिकचा एप्रिल-मे या बाबतीत वाईट. हवा कोरडी, पंखा फुल्ल, रंग पॅलेटवर वाळतो त्याआधी ब्रशवर वाळतो. मी क्लासमध्ये नियम केलाय, रंग ब्रशच्या अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि चहा आला, फोन आला तरी ब्रश आधी पाण्यात हलवून, पुसून, आडवा ठेवायचा, मग फोन. रिटायर काकांना हे पटायला वेळ लागला कारण त्यांचा फोन म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

पार खडखडीत वाळलेला अ‍ॅक्रेलिक असेल तर साबणाकडून फार अपेक्षा ठेवू नका, कुठल्याही साबणाकडून. तिथे अल्कोहोल लागतं. हाताचं सॅनिटायझर चालतं, सत्तर टक्के अल्कोहोलवालं, जेलचं असेल तर फारच छान कारण ते केसांवर चिकटून राहतं. केसांना लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, रंगाची फिल्म नरम होते, मग जुन्या टूथब्रशने नळीपासून टोकाकडे, एकाच दिशेने, घासू नका, विंचरा. मग साबण. एका खेपेत सगळं निघेलच असं नाही, दोन-तीनदा करायला लागतं. दांड्याला लागू देऊ नका, पॉलिश चिकट होतं. नेलपेंट रिमूव्हर काही जण वापरतात, रंग पटकन निघतो हे खरं पण ते दांड्याचं पॉलिश खातं आणि नळीतल्या गोंदाचीही वाट लावू शकतं, मी तरी वापरत नाही. थिनर तर नकोच, लहान मुलं असलेल्या घरात अजिबात नको.

गरम पाणी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाला हात लावायची हिंमत होत नाही, पारा दहाच्या खाली गेलेला, मग माणूस गिझर लावतो. ब्रशसाठी लावू नका. नायलॉन काय नि पॉलिएस्टर काय, पन्नास-साठ अंशाला नरम पडतं, तेव्हा ब्रश जसा वाकलेला असेल तसाच थंड होताना अडकतो आणि टोकाला हूक तयार होतो. शिवाय नळीतला गोंद सैल होतो आणि केस गळायला लागतात. कोमट म्हणजे बाळाला आंघोळ घालू तेवढं, त्याच्या वर नाही.

पण हाच गुण उलटा पण वापरता येतो, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टोक आधीच वाकलेलं असेल तर कपात चहाएवढं गरम पाणी घ्यायचं, उकळतं नाही, त्यात फक्त केसांचं टोक काही सेकंद बुडवायचं, नळी पाण्याबाहेर, लगेच बोटांनी टोक सरळ करायचं आणि थंड पाण्यात धरायचं. बरेचसे ब्रश सुधारतात. वॉटरकलरच्या खरखरीत कागदावर घासून घासून टोकाचे धागेच झिजले असतील तर मात्र काही होत नाही, तो ब्रश मग झाडाची पानं ठोकायला ठेवायचा.

तिसरा शत्रू पेला. आमच्या शाळेच्या दिवसांपासून ब्रश पेल्यात उभा, केस खाली, टोक तळाला टेकलेलं. सिंथेटिकला याने लगेच वळण पडतं. दांडा लाकडी असतो, पाणी पितो, फुगतो, वरचं पॉलिश तडकतं, वाळल्यावर आकसतो आणि नळी डुगडुगायला लागते. पावसाळ्यात तर विचारू नका, नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये काहीच वाळत नाही, ओला ब्रश पाउचमध्ये घालून ठेवला तर दांड्याला बुरशी आणि पाउचला कुबट वास. आडवा वाळवा, टॉवेलवर, किंवा दोऱ्याला उलटा टांगा केस खाली करून. पूर्ण वाळल्यावरच बरणीत उभा, केस वर.

आता घरातले पर्याय, कारण खरी तुलना यांच्याशीच आहे. भांड्याचं लिक्विड, एक थेंब तळहातावर, पोस्टर कलर आणि वॉटरकलरला पुरेसं आहे, पोरांच्या ब्रशला मी तेच वापरते. तोटा एकच, खूप धुवावं लागतं. कुठलाही साबण ब्रशमध्ये राहिला तर पुढच्या वेळी वॉश म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात टाकताना कागदावर बुडबुडे येतात आणि रंग विचित्र फाटतो, मग पोरं म्हणतात कागद खराब आहे. साधी अंगाची वडी पण चालते, क्रीमवाली नको, तिचा थर राहतो. बेबी शॅम्पू काही जणी वापरतात, वाईट नाही, पण मला तो डिशवॉशपेक्षा फार वेगळा वाटला नाही. भांड्याची हिरवी-निळी घट्ट वडी मात्र नको, त्यात खरखरीत पावडर असते आणि ती नळीत जाऊन बसते, रंगाच्या जागी पावडर, काय मिळवलं?

पाण्याचा पण भाग आहे यात. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि महापालिकेचं असं दोन्ही येतं. बोअरचं पाणी जड, त्यात साबणाच्या वडीला फेस कमी येतो आणि पांढरी चिकट साय धरते, बादलीला धरते तशीच, ती ब्रशमध्ये राहिली की वाळल्यावर केस कडक लागतात. मला आधी वाटायचं ही डबीतल्या साबणाची खोड आहे, पण नाही, साबण आणि जड पाणी एकत्र आलं की हे होणारच. शेवटचं धुणं गंगापूर धरणाच्या पाण्याने, म्हणजे महापालिकेच्या नळाने, नाहीतर फिल्टरच्या पाण्याने करा. लिक्विडला हा त्रास कमी आहे, एवढा एक पॉइंट त्याला.

ऑइलवाल्यांसाठी थोडंसं. आधी ब्रश जुन्या कापडाला नीट पुसा, जितका पुसाल तितकं पुढचं काम कमी. मग रॉकेल-टर्पेंटाइनच्या आधी जवसाच्या तेलात ब्रश मळून बघा, निम्मा रंग त्यातच सुटतो, वास नाही, डोकं दुखत नाही. मग ही डबी. ऑइलसाठी ही डबी मला सगळ्यात जास्त आवडली, पैसे तिथे वसूल होतात, एका खेपेत चिकटपणा जातो. आणि एक सूचना, गंमत म्हणून सोडून देऊ नका, जवसाचं तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. उन्हाळ्यात तर नकोच. पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

धुतल्यानंतर आकार देणं, हे फुकटचं काम आहे आणि बहुतेक लोक करत नाहीत. नवीन ब्रश येतो तेव्हा टोक कडक असतं ना, त्यात कंपनीने डिंक किंवा स्टार्च लावलेलं असतं. तसंच घरी करता येतं, डिंक पाण्यात पातळ भिजवायचा, ब्रश बुडवायचा, बोटांनी टोक काढायचं, वाळू द्यायचं. राउंडला आणि रिगरला, म्हणजे बारीक रेघांच्या लांब केसांच्या ब्रशला, तर फार उपयोग होतो. पुढच्या वेळी पाण्यात हलवलं की निघून जातो. काही जण या डबीतला साबणच थोडा केसांत ठेवून टोक काढतात, ते पण चालतं, मी रिगरला तसं करते, पण वापरायच्या आधी धुवायचं लक्षात ठेवा नाहीतर परत ते बुडबुडे.

एक गैरसमज पण काढून टाकते. पांढऱ्या सिंथेटिकला थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, अलिझरिन असे रंग लागले की केस कायमचे निळसर-गुलाबी राहतात. घासून घासून लोक ब्रशचं वाटोळं करतात पण रंग जात नाही. तो घाण नाहीये, धाग्याला डाग पडलाय. ओल्या पांढऱ्या कापडावर ब्रश ओढा, कापड कोरं राहिलं तर ब्रश स्वच्छ आहे, दिसतो कसा ते सोडून द्या.

कुठून घ्यायची तर मेन रोड, रविवार कारंजा, कॉलेज रोड या बाजूला आर्ट मटेरियल ठेवणारी दुकानं आहेत, ब्रश सगळीकडे मिळतात पण ही डबी नेहमी असतेच असं नाही, फोन करून जा. एका दुकानात काकांनी मला 'असल्या फॅडात पडू नका, रॉकेलमध्ये बुडवून ठेवा' असा सल्ला दिला, वॉटरकलरच्या ब्रशला. मी नुसतं बरं म्हणाले. ऑनलाइन घेतली तर विक्रेता बघून घ्या, मला एकदा एका विक्रेत्याकडून वडी तडे गेलेली आणि डबीपासून सुटलेली आली, बहुतेक कुठल्यातरी गोडाऊनमध्ये उन्हात पडलेली असणार. परत केली, पैसे मिळाले, पण आठवडा गेला. तडा गेलेली वडी काम करते, फक्त ब्रश फिरवताना तुकडे निघतात.

वापरून झाल्यावर डबी लगेच बंद करू नका. वरचं पाणी ओतून टाका, उघडी वाळू द्या, मग झाकण. ओली बंद केली की वरचा थर लगद्यासारखा होतो आणि फुकट जातो. आणि डबीत रंगाचा चिखल साचतो तो मधूनमधून नळाखाली धरून काढा, नाहीतर निळ्या ब्रशनंतर पिवळा ब्रश घातला की तुमचा लेमन यलो हिरवट झालाच.

गोदाघाटावर स्केचिंगला जाणाऱ्यांसाठी खास. शिवाजी तुपेंचे जलरंग बघत मोठे झालेलो आपण नाशिककर, नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायण, घाटाच्या पायऱ्या, हे रंगवल्याशिवाय आपलं पोट भरत नाही, मान्य. पण रामकुंडाच्या बाजूला बसून ब्रश नदीत खळबळताना लोक दिसतात ते बघवत नाही. अ‍ॅक्रेलिक म्हणजे प्लॅस्टिक, ते तसंच गोदेत जातं, आणि काही रंगांत कॅडमियमसारखे धातू पण असतात. दोन बाटल्या न्या, एक स्वच्छ पाण्याची, एक घाण पाण्याची. घरी आणून बादलीत ओता, तुरटी फिरवा, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला फिरवतो तशी, गाळ खाली बसतो, वरचं पाणी निवळलं की ओता, गाळ कागदावर वाळवून कोरड्या कचऱ्यात. क्लासमध्ये आम्ही सगळ्यांचं पाणी एकाच बादलीत करतो आणि गाळ किती निघतो ते बघून नवीन लोकांचे डोळे पांढरे होतात.

मार्क द्यायचे तर अ‍ॅक्रेलिक आणि ऑइलला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. वॉटरकलर आणि पोस्टरला तीन, कारण काम उत्तम करतो पण तेच काम घरातल्या लिक्विडने होतं. मधली डबी मोठ्यांच्या बॅचला सगळ्यांनी मिळून वापरली तरी चांगली टिकते, घासून घासून खड्डा पडतो मधे पण कडा शिल्लक असतात. एकट्याने घरी करणाऱ्याला २८ ग्रॅमची पण भरपूर आहे. क्लासवाल्यांनी २४ औंसाचा डबा कुणी वाटून घ्यायला तयार असेल तर मला सांगा, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गोविंदनगर कुठेही, मी निम्मा घेईन, फक्त कापताना गरम सुरी माझ्या घरची नको, मागच्या वेळी केक कापायच्या सुरीला साबणाचा वास आठवडाभर येत होता आणि घरात बोलणी मला बसली.